बिअरवाला पाहुणा आणि येळवसेची बिंदगी

थर्टी फर्स्टला कुठे, हा प्रश्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचं भांडण होतं. गोवा? फुल्ल. अलिबाग? जेट्टीवरच नवं वर्ष उजाडेल. लोणावळा? प्लीज! २०२४ च्या डिसेंबरात आमच्या ग्रुपवर हा घोळ चालू असताना मी टाइप केलं, 'धाराशिव'. पाच मिनिटं कुणाचाच रिप्लाय नाही. मग एकानं विचारलं, 'म्हणजे उस्मानाबादच ना? तिथे काय आहे?'

तिथे माझी आजी आहे. आणि त्या वर्षी ३० डिसेंबरला, सोमवारी, येळवस होती.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. पुण्या-मुंबईत ती कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात पडून असते. पण लातूर, धाराशिव आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. सगळे शेतात! कानडीत हिला 'एळ्ळ अमावस्या' म्हणतात, एळ्ळ म्हणजे तीळ. इकडे येता येता तिची येळवस झाली असं म्हणतात. शेतात पूजा, शेतातच जेवण आणि जेवणाबरोबर आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली. लहानपणी मला ती अजिबात आवडायची नाही. लसणाचा वास, आंबट चव, वर रंग पांढरट-करडा. मी हट्टानं बाटलीतलं कोल्ड्रिंक मागायचे.

'आंबवून' हा शब्द ग्रुपवर पडला आणि एकाच माणसाचे कान टवकारले. माझ्या कॉलेजच्या रूममेटचा नवरा. त्याला आम्ही ब्रूमास्टर म्हणतो.

ब्रूमास्टरची स्टोरी अशी. पुण्यातल्या आयटी कंपनीनं त्याला अडीच वर्षं स्टुटगार्टला ऑनसाइट पाठवलं. बाकीचे ऑनसाइटवाले स्वित्झर्लंडचे फोटो काढत होते, तेव्हा हा पठ्ठ्या किचनमध्ये वीस लिटरचं पातेलं घेऊन बिअर करत होता. तिकडे ते कायदेशीर आहे. घरच्यासाठी वर्षाला ठरावीक लिटरपर्यंत केली तर टॅक्सही नाही. शिकला तोही जुन्या पद्धतीच्या बिअर. गव्हाची वायझन, राय या धान्याची रोगेनबिअर आणि धुरावर सुकवलेल्या माल्टची राउखबिअर. सगळ्यात त्रास रायनं दिला म्हणे. पातेल्यात पिठल्यासारखा चिकट लगदा झाला आणि गाळायला अर्धी रात्र गेली. बायकोनं दार लावून घेतलं ते वेगळंच.

पुण्यात परत आला आणि सगळा संसार माळ्यावर गेला. कारण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आणि बिअर ही दारूच. हौस म्हणून केली, विकली नाही, मित्रांनाच पाजली, यातलं काहीही चालत नाही. २०२४ मध्ये तुम्ही एकविसाव्या वर्षी पुण्यात बिअर पिऊ शकता, मायक्रोब्रुअरीत बसून शेजारच्या काचेमागे ती तयार होताना बघू शकता (डूलाली पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आपल्याला हेफेवायझन हा शब्द उच्चारता येऊ लागला), पण स्वतःच्या गॅसवर ती शिजवू शकत नाही. ब्रूमास्टरला याचं मनापासून दुःख होतं. त्याच्या डोक्यात एक किडा होता : ज्वारीची बिअर. आपल्या मातीतली, आपल्या धान्याची! एखाद्या परवानाधारक ब्रुअरीला आयडिया विकायची, असं काहीतरी. त्यासाठी आधी आंबील बघायची होती.

तर २८ तारखेला, शनिवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. रस्ता सोपा आहे. सोलापूर हायवेनं टेंभुर्णी, तिथे डावीकडे वळून कुर्डुवाडी, बार्शी, मग येडशी. मुंबईवाल्यांसाठी लातूरला जाणारी रात्रीची गाडी आहे, ती धाराशिवला थांबते. बार्शी सोडली की जमीन काळी होते, झाडं विरळ होतात आणि आभाळ अचानक खूप मोठं वाटायला लागतं. येडशीजवळ रामलिंगाचा घाट आणि अभयारण्य आहे, तेवढाच काय तो हिरवा तुकडा. एरवी मैलोनमैल हरभरा आणि मध्येच ज्वारी. मी लहान असताना उलटं होतं. मैलोनमैल ज्वारी आणि मध्येच हरभरा. आजीकडे जाताना बसच्या खिडकीतून कणसांशिवाय काही दिसायचं नाही. आता खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, हे कारण तुम्हाला या भागात प्रत्येक पारावर ऐकायला मिळेल. खरंही आहे. उपटून, पेंढ्या बांधून, कणसं खुडून... जिममध्ये जाणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

रविवारी सकाळी तेरला गेलो. धाराशिवला जाऊन तेर चुकवलंत तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच! हे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये त्याचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथून भडोचच्या बंदरात तऱ्हेतऱ्हेचं कापड येतं, असं तो सांगतो. त्याच पुस्तकात भडोचला काय उतरायचं त्याचीही यादी आहे. त्यात वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला जास्त मागणी, असंही नमूद केलंय. म्हणजे 'इम्पोर्टेड' म्हटलं की भाव खाणारे तेव्हाही होतेच. बिअरचं नाव त्या यादीत नाही. रोमन लोकांच्या लेखी ते रानटी लोकांचं पेय होतं. जर्मन लोक बार्लीचं किंवा गव्हाचं काहीतरी आंबवून पितात, असं टॅसिटसनं साधारण इसवी सन ९८ मध्ये लिहून ठेवलंय. आज त्याच जर्मनांचं 'काहीतरी' आपण मगामागे कितीला घेतो ते बिलावर बघा.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तशाच धाटणीची एक मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली. ब्रूमास्टर तिच्यासमोर बराच वेळ उभा होता. पण मला आम्ही नंतर गेलो ती जागा जास्त आवडते : तेरणेच्या काठावरचं गोरोबाकाकांचं मंदिर. संत गोरा कुंभार तेरचे. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगणारे. नामदेवांचं कच्चं निघालं, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. येळवसेला नवं मडकं लागतं. आजीनं फोनवर सांगितलेलं, 'येताना बिंदगी आण, बोट वाजवून घे.' बिंदगी म्हणजे लहान मातीचा घट. मी तिघाचौघांवर टिचकी मारली आणि खण्ण वाजली ती घेतली.

आजीचं गाव तिथून जवळच. नाव देत नाही, तिची अट आहे. तिच्या अटी बऱ्याच असतात.

दुपारी जेवणं झाल्यावर ब्रूमास्टरनं बॅगेतून तीन झिपलॉक पाकिटं काढली. जर्मनीहून येताना आठवण म्हणून आणलेले माल्ट. तो हे सगळ्यांना चावायला देतो, तुम्ही भेटलात तर तुम्हालाही देईल. माल्ट म्हणजे काय हे आजीला समजवायला मात्र अर्धं वाक्य पुरलं. 'मोड आणून वाळवलेलं धान्य.' 'सत्त्वाला करतात तसं,' ती म्हणाली. झालं! आमच्याकडे बाळाच्या नाचणी सत्त्वाला जे करतात, तेच ते. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मोड येताना दाणा स्वतःच्या पोटात पाचक रस तयार करतो, म्हणजे एन्झाइम्स. पुढे गरम पाण्यात तेच एन्झाइम्स पिठाची साखर करतात. ती साखर यीस्ट खातं आणि दारू सोडतं. बिअरचं सगळं शास्त्र एवढंच, बाकी मग कुणाचा दाणा, कुणाचं यीस्ट.

पहिलं पाकीट गव्हाचं. आजीनं चावून मान डोलावली, गोड लागतंय म्हणाली. यावर ब्रूमास्टरनं हौसेनं सांगितलं की १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी कायदा केला, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. गहू पावासाठी ठेवायचा. मग गव्हाच्या बिअरचा हक्क राजघराण्यानं स्वतःकडे घेतला आणि १७९८ पर्यंत त्यावर बक्कळ पैसा केला. 'मोठ्या वाड्यात चालतंय सगळं,' आजी म्हणाली.

दुसरं पाकीट.

'ही राय, आजी.'

'राई?' तिनं दाणा डोळ्यांजवळ नेला. 'मोहरीची दारू करत्यात तिकडं? तरीच पाव्हणं वाळलेत.'

तिसरं पाकीट उघडलं आणि खोलीभर वास पसरला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेली बार्ली. जर्मनीत बाम्बेर्ग गावात अजून याची बिअर मिळते. पहिल्या घोटाला चुलीजवळ बसून पाणी पितोय असं वाटतं, तिसऱ्या घोटाला सवय होते. मजा म्हणजे एके काळी बहुतेक बिअर अशाच लागत असणार. माल्ट थेट जाळावर वाळवायचे, मग धूर लागणारच. पुढे धूर बाजूला काढणाऱ्या भट्ट्या आल्या आणि चव गेली. बाम्बेर्गनं ती सोडली नाही. पोलंडमध्ये ग्रोजिस्क नावाच्या गावात ओकच्या धुरावर वाळवलेल्या गव्हाची हलकी बिअर शेकडो वर्षं चालू होती. ती १९९३ मध्ये बंद पडली, २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आजीनं दाणा तोंडात टाकला, चघळला, आणि विचारलं, 'ह्यो हुरडा कुणी करपिवला?'

आम्ही हसून हसून लोळलो. पण तिचं बरोबर होतं हो! गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणसाचा, मुठीत चोळून फुंकर मारलेल्या हुरड्याचा जो वास, त्याचाच हा युरोपातला चुलतभाऊ.

इथपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. मग ब्रूमास्टरनं मोबाइल काढला आणि स्टुटगार्टच्या किचनचा व्हिडिओ लावला. पांढरी बादली, वर काचेची नळी, नळीतून एकामागून एक बुडबुडे. बुडुक... बुडुक... त्याच्या दृष्टीनं हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर व्हिडिओ आहे. आजीनं तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, 'आमच्या धाकट्याकडं असाच आवाज यायचा.' आणि उठून चुलीकडे गेली.

हे मी ब्रूमास्टरला आधी सांगायला हवं होतं. धाकटा मामा २००६ मध्ये गेला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. चाळिशीही बघितली नाही त्यानं. हातभट्टी. आधी प्यायचा, मग ओढ्याच्या काठाला जमिनीत पिंप पुरून स्वतःच गूळ आणि नवसागर घालून लावायला लागला. उन्हाळ्यात त्या पिंपाचा आवाज वस्तीवर ऐकू यायचा, असं आई सांगते. आजी तेव्हा दर आठवड्याला ते पिंप उलथवून यायची आणि तो परत लावायचा. आपल्याकडे परवान्याचं दारूचं दुकान बायकांच्या मतदानानं बंद करता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. हातभट्टीला मतदान नसतं. ती मुळातच बेकायदा असते, आणि तरी चालू असते.

ब्रूमास्टरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं तीनही पाकिटं बॅगेत टाकली, आणि संध्याकाळपर्यंत बिअर हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. त्याच्यासाठी हा विक्रमच असावा.

संध्याकाळी आजीनंच त्याला हाक मारली. 'पाव्हणं, काय करायलाव तिकडं एकटंच? आंबील बघायची व्हती नव्हं?'

आंबिलीचं काम खरं तर आठवडाभर आधी सुरू होतं. घरोघरी ताक साठवतात आणि ते रोज थोडं थोडं जास्त आंबट होत जातं. अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी त्या ताकात ज्वारीचं पीठ कालवायचं. मालदांडी ज्वारी, जात्यावरची असेल तर उत्तम, नसेल तर गिरणीची. चुलीच्या उबेला झाकून ठेवायचं. पहाटे ते शिजवायचं, हात न थांबवता हलवत, नाहीतर गुठळ्या होतात. गार झालं की पुन्हा ताक घालून सैल करायचं आणि त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची वाटून, जिरं, मीठ, कोथिंबीर. मग बिंदगीत भरायची.

ब्रूमास्टरकडे पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या होत्या (असतातच). आजीची परवानगी घेऊन त्यानं एक बुडवली. रंग चारच्या आसपास आला. म्हणजे बर्लिनर वायसं किंवा गोजं या जर्मन आंबट बिअर ज्या पट्टीत जातात, त्यांच्यापासून फार लांब नाही. गोजंमध्ये तर गहू, मीठ आणि धने पडतात! मीठ आणि धने... आमच्या आंबिलीत मीठ आणि कोथिंबीर. लाइपझिगमध्ये ही गोजं १९६० च्या दशकात संपल्यात जमा होती, १९८० च्या दशकात पुन्हा आली, आणि आता ती पुण्याच्या टॅपवरही मिळते. तिला आंबट करणारे जिवाणू आणि आजीच्या ताकातले जिवाणू एकाच घराण्यातले.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे आंबील ही आपली क्राफ्ट बिअरच की! खरं सांगू, या लेखाचं हेडिंगही मी येतानाच गाडीत ठरवून टाकलं होतं, अगदी हेच. आजीनं ते हाणून पाडलं. ब्रूमास्टरनं तिला जपून विचारलं की हे जास्त दिवस ठेवलं तर? ती म्हणाली, 'कशाला ठिवायचं? एका रातीची आंबील. पीठ हाय, मोड न्हाईत. आंबट व्हावी, माजू न्हाई.'

ब्रूमास्टर दोन मिनिटं गप्प. मग इंग्रजीत एक शिवी आणि, 'शी इज राइट.' बघा ना, आंबिलीच्या ज्वारीला मोड आणत नाहीत. मोड नाहीत म्हणजे पिठाची साखर करणारे एन्झाइम्स नाहीत, साखर नाही म्हणजे यीस्टला खायला काही नाही, म्हणजे दारू जवळजवळ नाही. ताकातले जिवाणू आपलं आंबवायचं काम करून मोकळे. त्यात ती पहाटे उकळतात आणि दुसऱ्या दिवशी संपवतात. हे धान्य माजवता येतं हे माहीत असलेल्या लोकांनी ते कुठे थांबवायचं तेही ठरवून ठेवलंय. म्हणून तर पाळण्यातल्या पोरापासून माळकरी आजोबांपर्यंत सगळ्यांच्या ओठाला ती लागते. आजीला ती माझ्या हेडिंगमध्ये बिअर झालेली चालली नसती, आणि तिच्या घरात मला ती करायचीही नव्हती.

सोमवारी पहाटे चारला उठलो. (थर्टी फर्स्टला पहाटे चारला झोपणारे आम्ही!) घरात भज्जीचा वास. भज्जी म्हणजे भजी नव्हे हं. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, जे जे त्या दिवसांत शेतात आहे ते सगळं बेसनात आणि चिंचेत शिजवलेली पातळ भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, वांग्याचं भरीत आणि गव्हाचा खिचडा. हारे भरले. बिंदगीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि मामी ती डोक्यावर घेऊन पुढे निघाल्या. आंबिलीची बिंदगी डोक्यावरून जाते, गाडीतून नाही. ब्रूमास्टरनं डिकी उघडून धरली होती, त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभी केलेली. आत चुना लावलेले दगड, ते पांडव. वर शाल. पूजा झाली आणि घरातल्या पुरुषांनी आंबील घेऊन शेताच्या कडेनं फेरा मारला, पिकावर शिंपडत, मराठी-कानडी मिसळलेली एक आरोळी देत. तिचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच सांगता आला नाही, पण ओरडायला भारी वाटतं. मोठ्या मामांनी ब्रूमास्टरच्या हातात भांडं दिलं. तो आधी दोन-दोन थेंब टाकत होता, लॅबमध्ये असल्यासारखा. 'पाव्हणं, रान हाय, औषध न्हाई,' मामा ओरडले. मग त्यानंही सढळ हातानं उडवली.

जेवायला वाटेनं जाणारा कुणीही बसतो. त्या दिवशी बोलवायची पद्धत नाही, हाक मारली की यायचं. शेजारच्या रानातले, आठवडाभरासाठी पुण्याहून आलेले, एक ट्रॅक्टरवाला, दोन शाळामास्तर. आंबील पितळी पेल्यांतून फिरत होती. मी घेतली. लहानपणची ती नकोशी चव जिभेवर आली आणि या वेळी मी दुसरा पेला मागितला. गार, खारट, आंबट, मागे लसणाचा ठसका, आणि खाली ज्वारीची ती मऊ पिठूळ चव. ब्रूमास्टरनं चार घेतले. चौथ्यानंतर त्याला गाढ झोप लागली. त्याचं कारण भज्जी होतं, आंबील नव्हे.

दुपार उतरल्यावर शेताच्या एका कोपऱ्यातल्या आगाप पेरलेल्या ज्वारीची थोडी कणसं भाजली. तिथे आरापाशी बसून मोठ्या मामांनी त्याला सरळ विचारलं, ज्वारीची बिअर होईल का? त्यांचा प्रश्न दराचा होता. आजी लांब होती.

ब्रूमास्टरनं प्रामाणिक उत्तर दिलं. होईल. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान् पिढ्या घरात होते, तिथे ते बायकांचं काम. नायजेरियानं १९८८ मध्ये बार्लीच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्यांनाही ज्वारीकडे वळावं लागलं. पण सोपं नाही. ज्वारीच्या दाण्याला बार्लीसारखं टरफल नाही, त्यामुळे गाळताना चाळणी मिळत नाही, रायसारखाच वैताग. ज्वारीचं पीठ शिजायला उष्णता जास्त लागते, आणि तेवढ्या उष्णतेत मोडांमधले एन्झाइम्स मरायला लागतात. शिवाय कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, हे मामांना त्यानं सांगायची गरज नव्हती. तेच विष मोडांतही असतं. म्हणून माल्ट वाळला की मोड आणि मुळं चोळून काढून टाकावी लागतात. हे सगळं परवाना असलेल्या, मोजमाप करणाऱ्या कारखान्यात जमेल. पिंपात नाही.

'मग दर?' मामांनी पुन्हा विचारलं.

'दर कंपनी ठरवणार,' ब्रूमास्टर म्हणाला.

'तर मग हरभराच बरा,' म्हणत मामांनी कणीस मुठीत चोळलं आणि विषय संपला. जागतिक क्राफ्ट बिअर चळवळीचा असा निकाल मी आजवर कुठल्याच पॅनल डिस्कशनमध्ये ऐकला नव्हता.

अंधार पडल्यावर घरी आलो. रात्री आजी ब्रूमास्टरजवळ येऊन बसली. तिसरं पाकीट परत मागितलं, धुराचं. दोन-चार दाणे चघळत म्हणाली, 'ह्याची भाकर व्हईल का?' त्यानं पाकीट तिथेच ठेवलं. काय केलं त्याचं, अजून कळलेलं नाही.

३१ ला सकाळी निघताना आजीनं उरलेली दोन लिटर आंबील कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीत भरून दिली. लहानपणी मी मागायचे तसल्याच. बजावून सांगितलं, 'बूच घट्ट लावू नका.' एका रातीची आंबील दुसऱ्या रातीत शिरली होती, तिला माहीत होतं. पण गाडीत लसणाचा वास येईल म्हणून ब्रूमास्टरनं, ज्यानं अडीच वर्षं एअरलॉक सांभाळले त्या माणसानं, बूच गच्च आवळलं आणि बाटली मागच्या काचेजवळ उन्हात ठेवली.

टेंभुर्णीच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला थांबलो. बाटली टणक झाली होती, फुटबॉलसारखी. त्यानं ती टेबलावर ठेवून बूच फिरवलं. फिस्स! फेस थेट त्याच्या शर्टवर. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, 'भाऊ, दुपारीच सुरू?' वेटर धावत आला आणि भिंतीवरच्या बोर्डकडे बोट दाखवलं, येथे दारू पिण्यास सक्त मनाई आहे.

'दारू नाही रे, बघ वास घेऊन,' मी म्हणाले.

त्यानं बाटलीवर नाक नेलं. मग आमच्याकडे बघितलं.

'येळवसेची? कुठलं गाव तुमचं?'

मी सांगितलं. तो कळंबचा निघाला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आत गेला आणि स्टीलचे चार पेले घेऊन आला.